अठरा पाकळ्यांचा राऊंड

परब मास्तरांच्या व्यायामशाळेतलं घड्याळ सव्वाचारला थांबलं होतं आणि ते दुरुस्त करावं असं तिथे कुणालाही वाटत नव्हतं. बॉक्सिंगचा एक राऊंड तीन मिनिटांचा. ही तीन मिनिटं मास्तर लसणीवर मोजत. त्यांच्या सुनेचा पोळीभाजीचे डबे देण्याचा धंदा होता आणि रोज पाव किलो लसूण सोलून देणं हे घरातलं त्यांचं काम. ते काम ते व्यायामशाळेत घेऊन येत. रिंगकडे पाठ करून लाकडी स्टुलावर बसत, मांडीवर स्टीलची परात घेत आणि "चला" म्हणून पहिल्या पाकळीला नख लावत. अठरावी पाकळी परातीत पडली की म्हणत, "बस." राऊंड संपला.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अस्वस्थ झालो. मी वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात सव्वीस वर्षं नोकरी केली आहे. कुणी अंदाजपंचे काही मोजलं की ते मी पुन्हा मोजून बघतो. म्हणून मी फोनवरचं स्टॉपवॉच लावून मास्तरांचे बावीस राऊंड मोजले. सगळ्यांत छोटा दोन मिनिटं चौपन्न सेकंदांचा निघाला आणि सगळ्यांत मोठा तीन मिनिटं सात सेकंदांचा. एवढी चूक असलेला तराजू मी पास केला नसता. लसूण म्हणून पास केली.

एकच अडचण होती. सुनेने गावठी लसूण आणली की पाकळ्या बारीक, साल चिवट, आणि राऊंड साडेतीन मिनिटांवर जायचा. त्यामुळे मुली व्यायामशाळेत शिरताना आधी मास्तरांची परात बघत.

"वाट लागली, आज गावठी आहे!" अशी बातमी दारातूनच मागच्या मुलींपर्यंत जायची.

व्यायामशाळा भांडुपला, टेकडीच्या बाजूला, एका मंडळाच्या जागेत होती. आम्ही राहायला मुलुंडला. तिथे जायची वेळ आली ती माझ्या मुलीमुळे. मानसी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वजन चोपन्न किलो. चार वर्षं ती घाटकोपरला एका सरांकडे बॉक्सिंग शिकत होती. त्या सरांचा सगळा अभ्यासक्रम "पुढे हो!" या दोन शब्दांत मावत असे. मानसी पुढे होई, भरपूर ठोसे मारी आणि तेवढेच खाऊन येई.

बोरिवलीच्या एका स्पर्धेत तिसऱ्या राऊंडमध्ये तिच्या नाकातून रक्त आलं. रक्ताचं एवढं काही नाही, पुसता येतं. पण परतताना रिक्षात तिने मला विचारलं, "बाबा, माझी बाटली घेतलीस ना?" घेतली म्हणून मी दाखवली. दोन मिनिटांनी तिने पुन्हा तेच विचारलं. पवई येईपर्यंत तिने चार वेळा विचारलं. शेवटच्या वेळी बाटली तिच्याच हातात होती.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि महिनाभर विश्रांती दिली. पण माझ्या बायकोने, सुलभाने, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आम्हा दोघांना निकाल ऐकवला.

"नवीन मास्तर शोधा. दिवाळीपर्यंत मुदत. डोक्याला बसणारे ठोसे राऊंडला पाचच्या आत आले पाहिजेत. नाही आले तर ग्लोव्ह्ज माळ्यावर. आणि रडारड मला चालणार नाही, तुझी नाही आणि तुझ्या बाबाचीही नाही."

"पाच कुठून आणलेस?" मी विचारलं.

"शून्य म्हणणार होते. तुमच्याकडे बघून पाच म्हटलं."

मोजण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. सरावाचं चित्रण करायचं, घरी निम्म्या वेगाने बघायचं आणि वहीत मांडायचं. आधी बोरिवलीची लढत मोजली. माझे भरले राऊंडला तेरा. सुलभाने तीच लढत बघून सव्वीस मोजले. मग लक्षात आलं की मुलगी जेव्हा जेव्हा डोळे मिटत होती तेव्हा तेव्हा ही एक धरत होती. शेवटी नियम ठरला: ठोसा लागल्यावर डोकं हललेलं दिसलं तरच धरायचा. सुलभाने नियम मान्य केला, पण मोजायचं सोडून दिलं. म्हणाली, "तूच मोज. माझ्याने बघवत नाही."

परब मास्तरांचं नाव मानसीनेच काढलं.

"जिने मला मारलं ना बाबा, ती त्यांच्याकडे शिकते. मी तिला तीन राऊंड शोधत होते. सापडलीच नाही यार."

मास्तर सत्तरीचे. बुटके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, करड्या रंगाची पँट आणि त्यांच्या वयाला न शोभणारं सरळ, धारदार नाक. ऐन उमेदीत गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या संघातून बॉक्सिंग करत होते, एवढं मला ठाऊक आहे. जास्त विचारलं तर ते नाक पुढे करत. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते हाड चाचपायला लावत.

"बघा. हात लावून बघा. चौऱ्याण्णव लढती. एकदा तरी मोडलेला दिसता? शूर माणसांची नाकं बघितलीत काय तुम्ही? पोळपाटासारखी असतात. माका शूर पोरं नको. माका नाकवाली पोरं हवी."

मीही चाचपलं. नाक खरोखरच सरळ होतं. दिवसभर माझ्या बोटांना लसणीचा वास येत राहिला.

हा वास त्या व्यायामशाळेची खूण होती. मुलगी हनुवटी वर करून उभी राहिली की मास्तर दोन बोटांनी ती खाली दाबत. ही चूक सगळ्यांचीच, त्यामुळे सगळ्यांच्याच हनुवट्यांना लसणीचा वास. मानसी घरी आली की सुलभा नुसती तिच्या जवळून जाऊन विचारायची, "आज तीनदा दाबली वाटतं?"

पहिल्या भेटीत मी मास्तरांसमोर माझी वही ठेवली. त्यात मारलेले ठोसे, खाल्लेले ठोसे, राऊंडवार, सगळं होतं. त्यांनी वहीकडे बघितलंदेखील नाही. मानसीला रिंगमध्ये एकटीलाच हवेत ठोसे मारत फिरायला सांगितलं आणि स्वतः पाठ फिरवून लसूण सोलायला बसले. मला वाटलं, झालं, भलत्याच ठिकाणी आलो. बारा-तेरा पाकळ्या झाल्यावर ते म्हणाले, "बस. पुढे जाताना ठीक हा. मागे येताना डावी टाच ओढता, उचलत नाय. म्हणून मार खाता."

"पण तुम्ही बघितलंत कुठे?" मी विचारलं.

"बघायचा काय त्यात? बुटाचा आवाज येता ना."

घरी येऊन मी बोरिवलीचं चित्रण पुन्हा लावलं. या वेळी हात सोडून पाय बघितले. मानसीने खाल्लेल्या एकोणचाळीस ठोशांपैकी सत्तावीस ती मागे येत असताना बसलेले होते. चार वर्षं मी हातच बघत होतो. त्या रात्री वहीत मी एक नवीन रकाना आखला.

त्यानंतर पंधरा दिवस मास्तरांनी तिला ग्लोव्ह्ज घालू दिले नाहीत. परकराची जुनी नाडी तिच्या दोन घोट्यांना बांधली, मध्ये हातभर अंतर ठेवून. मी टेपने मोजलं, सेहेचाळीस सेंटिमीटर. पाय जास्त फाकले की नाडी ताणायची आणि जास्त जवळ आले की जमिनीवर लोंबून पायात यायची. एकोणीस वर्षांची मुलगी नाडी बांधून पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकतेय आणि भोवती दहा-बारा वर्षांच्या पोरी खिदळतायत, हे दृश्य पहिले तीन दिवस मला बघवलं नाही. चौथ्या दिवशी त्या पोरींतली एक दुसरीला म्हणाली, "ताई आज एकदापण पडली नाय." तेव्हा मला मोजायला हुरूप आला.

मास्तरांची दुसरी परीक्षा व्यायामशाळेबाहेर होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भांडुप स्टेशनसमोरचा बाजार म्हणजे भाजीच्या पाट्या, हातगाड्या, रिक्षा, पिशव्या आणि घाई. या बाजारातून स्टेशनपासून व्यायामशाळेच्या चढापर्यंत कुणालाही धक्का न लावता यायचं, थांबायचं नाही आणि हात वापरायचे नाहीत. मास्तर मागून चालत आणि धक्के मोजत. मीही मोजायला गेलो.

मानसी पुढे, मागे मास्तर, त्यांच्या मागे वही घेतलेला मी. पोरगी एका बाईच्या पिशवीला वळसा घालून, हातगाडीच्या चाकाला चुकवून, अर्ध्या पावलाने मागे येत आणि तिरकी पुढे जात चालली होती. ते लिहायला मी मान खाली घातली आणि कांदेवाल्याच्या पाटीत पाय दिला.

"ओ शेठ, डोळे कुठे ठेवलेत?"

त्याची माफी मागून वळलो तर एका रिक्षाचा आरसा कोपराला लागला. पुढे एका कोळणीच्या टोपलीला गुडघा लागला. ती काही बोलली नाही. टोपलीतलं पाणी माझ्या पँटवर सांडलं होतं, तिच्या मते तेवढं पुरे होतं.

चढावर पोचल्यावर मास्तर थांबले आणि मानसीकडे बोट केलं.

"चेडवाचा एक. पिशवीवाल्या बाईक कोपर लागला. आणि साहेब, तुमचे सात."

"माझे कशाला मोजलेत?"

"मोजूक येता म्हणून मोजले," ते म्हणाले. मग माझ्या पँटकडे बघून, "पापलेट होता की बोंबील?"

बोंबील होते. घरी सुलभाने दारातच ओळखलं.

खरा वाद झाला तो दीड महिन्यानंतर. ग्लोव्ह्ज घालून सराव सुरू झाला होता. दर शनिवारी दुसऱ्या व्यायामशाळांतल्या मुली येत आणि तीन-तीन राऊंड खेळत. मी मोजत होतो. मानसी आधी राऊंडला अठ्ठावन्न ठोसे मारायची, ते एकतीसवर आले होते. जवळजवळ निम्मे. मी वही घेऊन मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, ही मारायची विसरली."

"किती म्हणालात?"

"एकतीस. आधी अठ्ठावन्न होते."

"आणि त्या अठ्ठावन्नातले लागायचे किती?"

मी वही बघितली. "अकरा."

"आता?"

पुन्हा वही बघितली. हिशेब मीच केलेला होता. फक्त तो रकाना आणि हा रकाना शेजारी ठेवून बघितला नव्हता. "तेरा."

"म्हणजे आधी सत्तेचाळीस वेळा वारा घालत होती," मास्तर म्हणाले. "पंख्याचा बिल वाचला तुमचा." आणि पुढच्या पाकळीला नख लावलं.

त्या दिवसापासून दर शनिवारी सराव संपला की मी त्यांना आकडे वाचून दाखवायचे, असा प्रघात पडला. घरी जाऊन निम्म्या वेगाने मोजायचं ते वेगळं, पण तिथल्या तिथे एक कच्चा आकडा लागे. ते पाठमोरे ऐकत. डोक्याला बसलेले ठोसे आधी अकरावर आले, मग नऊवर, मग सातवर. प्रत्येक आकड्याला मास्तर नुसतं "हां" म्हणत. पण आकडा उतरला की परातीतली एक पाकळी तोंडात टाकत. तेवढाच त्यांचा आनंद. सुलभाला मी घरी येऊन सांगे. ती म्हणे, "पाच म्हटलंय मी." तरी त्या रात्री जेवायला काहीतरी गोड असे.

गणपती झाले. आकडा सहावर आला आणि तिथेच बसला. पुढचा शनिवार सहा, त्याच्या पुढचा सहा. नवरात्रात सात झाला, पुन्हा सहा. मास्तरांची पाकळी तोंडात जाईनाशी झाली. मानसी पहाटे उठून गच्चीवर पावलं टाकायचा सराव करायची. एके दिवशी मला म्हणाली, "बाबा, आई खरंच माळ्यावर टाकेल?"

"तुझी आई आहे ती," मी म्हटलं. "टाकेल."

दिवाळीच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. तीन राऊंड झाले. मी मोजले. एकोणीस ठोसे, म्हणजे राऊंडला सहा आणि वर थोडं. मानसी रिंगच्या कडेला बसून हातावरच्या पट्ट्या सोडत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिला ठाऊक होतं. मी वही उघडली आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"किती?" मास्तरांनी पाठमोरेच विचारलं.

"बारा. राऊंडला चार."

लसूण सोलायचं थांबलं. मास्तर स्टुलावरच वळले. परात मांडीवरून खाली ठेवली.

"तिसऱ्या राऊंडात सात तर मीच ऐकले." तोपर्यंत ते मला साहेब म्हणत आणि अहोजाहो करत. "मेल्या, वजनमापाचो माणूस तू. काटा मारतस?"

मोठमोठ्या दुकानदारांना मी हे वाक्य सभ्य भाषेत ऐकवलेलं आहे. ऐकून घेणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं.

"एकोणीस," बेरजेच्या रकान्यातले बारा खोडत मी म्हटलं.

"बाबा!" मानसी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि त्याखाली हसूही होतं.

"तू गप, चेडवा. आता वाच, साहेब. नुसतो आकडो नको. कोणाकडून किती खाल्ले ता वाच."

प्रतिस्पर्धी मुलीचं नाव मी दर वेळी लिहिलेलं होतं. कामाला येईल म्हणून नव्हे, रकाना होता म्हणून. मी वाचत गेलो. त्या शनिवारी तीन राऊंड तीन मुलींशी होते. पहिलीकडून सात, दुसरीकडून दोन, तिसरीकडून दहा. मागचा शनिवार: नऊ, दोन, आठ. त्याच्या मागचा: दोन, एक, पंधरा. वाचता वाचता माझाच आवाज हळू झाला. दोनच्या वर आकडा गेला की तिथे दोनच नावं होती. एक वाकोल्याची रुबिना आणि दुसरी मालाडहून येणारी एक मुलगी.

"या दोघी काय करतात?" मी विचारलं.

मानसी म्हणाली, "दोघी डावखुऱ्या आहेत ना, बाबा."

बाकी सगळ्या मुलींकडून मानसी राऊंडला दोन खात होती. डावखुऱ्यांकडून दहा. मी दोन्ही एकत्र करून सहा काढत बसलो होतो. सरासरीने मला महिनाभर फसवलं. आणि तिच्यावर तर मी पोटच्या पोरीएवढा विश्वास ठेवत आलो होतो.

मास्तर उठले, मानसीसमोर उभे राहिले आणि तिला म्हणाले, "सरक." ती उजवीकडे सरकली. त्यांनीच ते तिच्या अंगात मुरवलं होतं. समोरच्याचा जड हात उजवा असतो, तो आपल्या डाव्या अंगाला येतो, म्हणून आपण उजवीकडे सरकायचं, त्याच्यापासून लांब. मास्तर स्वतः डावखुऱ्यासारखे उभे राहिले, उजवा पाय पुढे, आणि डावा हात सावकाश पुढे केला. मानसी उजवीकडे सरकत सरकत थेट त्या मुठीवर आली. मूठ तिच्या गालाला टेकली.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "हो मार मीच देतंय हिका."

मग स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं, की त्यांच्या काळात डावखुरा बॉक्सर असा नसायचाच. वस्ताद त्याला पहिल्याच आठवड्यात उजवा करून टाकायचा. चौऱ्याण्णव लढतींत त्यांना एकही डावखुरा भेटला नव्हता. "ह्येचा औषध माझ्याकडे नाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मास्तर मुलुंडला आमच्या घरी आले. न कळवता. अंगावर तोच पांढरा शर्ट, पण इस्त्रीचा. सुलभा करंज्यांचं सारण करत होती. ती हात पुसत बाहेर आली. मी काही बोलायच्या आत मास्तर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आकडो सहा हा. तुमच्या मिस्टरांनी चार सांगितलेलो."

सुलभाने माझ्याकडे बघितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. असं ती पहिल्यांदाच बघत होती.

"तू?" एवढंच म्हणाली.

"मी," मी म्हटलं.

"मग ठरल्याप्रमाणे," ती मास्तरांना म्हणाली, "ग्लोव्ह्ज माळ्यावर."

"ठेवा. पण माझे ठेवा, तिचे नको." मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच होता. "चूक चेडवाची नाय. मी शिकवलंय तसाच ती करता. जेवढा माझ्याकडे होता तेवढा तिका आला. डावखुऱ्या पोरींसमोरचा माझ्याकडे नायच. तिका दुसरो मास्तर व्हयो. अंधेरीक एक पोरगो हा, स्वतः डावखुरो. मी बोललंय त्याच्याशी."

सुलभा खुर्चीत बसली. तिने माझी वही मागितली. मी दिली. तिने पानं उलटली, तेरापासून सहापर्यंत, आणि मग कालचं पान, जिथे बारा खोडून एकोणीस केलेले होते.

"उजव्या मुलींकडून किती?" तिने विचारलं.

"दोन," मास्तर आणि मी एकदमच बोललो.

"तेराचे दोन तुम्ही केलेत?"

"तिने केले," मास्तर म्हणाले. "मी लसूण सोलत होतंय."

मानसी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. सुलभा तिच्याकडे न बघता म्हणाली, "शिमग्यापर्यंत. डावखुऱ्यांकडूनसुद्धा पाचच्या आत. आणि यापुढे मी मोजणार. या माणसाच्या हातात वही द्यायची नाही." मग मास्तरांसमोर करंज्यांची बशी ठेवली. त्यांनी दोन खाल्ल्या आणि सारणात वेलची कमी आहे म्हणून सांगितलं. सुलभाला राग आला नाही. वेलची कमीच होती.

शिमग्याला सुलभाने मोजले. डावखुऱ्या मुलीकडून राऊंडला चार. सुलभाचे चार म्हणजे माझे दोन, पण मी ते बोललो नाही. मास्तर तोपर्यंत मुला-सुनेकडचं बिऱ्हाड सोडून गावी, कणकवलीजवळ, राहायला गेले होते. मी फोन करून आकडा सांगितला.

"मोजले कोणी?" त्यांनी विचारलं.

"हिने."

"मग खरो असतलो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोनवर बोलणं होतं, भेट झालेली नाही. त्यामुळे मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतरच्या सोमवारी, अंधेरीला. मानसीला नवीन मास्तरांच्या हवाली करायला ते स्वतः आले होते. तिथला हॉल मोठा, एक अख्खी भिंत आरशाची, जमिनीवर निळ्या गाद्या. भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ सेकंदाचेही भाग दाखवत होतं. मी सुखावलो. नवीन मास्तर तिशीचे, उंच, हसरे. त्यांनी मानसीला दोन मिनिटं सरकायला लावलं आणि विचारलं, "पाय कोणी शिकवले?"

मानसीने बोट दाखवलं. ते मास्तरांकडे वळून म्हणाले, "काका, झकास पाय आहेत. याला मी हात लावणार नाही. फक्त डावखुऱ्यासमोरची दिशा बदलू."

"बदला," मास्तर म्हणाले. "आता तुमची ती."

सरावाला आठ मुली आरशासमोर रांगेत उभ्या राहिल्या. नवीन मास्तर दाखवू लागले: डावखुऱ्यासमोर डावा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकायचा, आणि डावीकडे सरकायचं. मला फॉर्म भरायला बाहेरच्या टेबलाशी बोलावलं म्हणून मी गेलो. नाव, वय, वजन, रक्तगट, आधी कुणाकडे शिकलात. सगळे रकाने भरून मास्तरांना रिक्षात बसवावं म्हणून दाराशी आलो.

मास्तर बसले होते ती खुर्ची रिकामी होती. दाराशेजारी त्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. रांगेत आता नऊ जण होते. आठ मुली, आणि शेवटी, मानसीच्या पलीकडे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, मुठी हनुवटीशी, नजर आरशात. आठही मुली डावीकडे सरकल्या. मास्तर उजवीकडे सरकले आणि भिंतीला लागले.

"काका, डावीकडे!" नवीन मास्तर ओरडले. "पुन्हा!"

"हां, सर," परब मास्तर म्हणाले, आणि पुन्हा जागेवर येऊन उभे राहिले.